पटावर न दिसलेली माणसं

"राजाकडं आधी बघ, त्रिशला. त्याला पळायला किती घरं आहेत ती बोट लावून मोज. वजिराचे लाड नंतर कर."

हा माझ्या थोरल्या बहिणीचा, राजमतीआक्काचा आवाज. मी नऊ वर्षांची होते आणि ती सतराची. दुपारची भांडी झाली की ती सोप्यात पट मांडायची. मी घाईनं वजीर बाहेर काढला की मनगटावर हलकी चापट बसायची. पुढं सांगलीतल्या मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं बुद्धिबळ शिकवलं ते जवळजवळ त्या एका वाक्यावर. आक्कानं मात्र छत्तिसाव्या वर्षी घर सोडलं आणि जैन साध्वीची दीक्षा घेतली. आता त्या आर्यिका अनुकंपामती माताजी. आक्का म्हणून हाक मारायची सोय राहिली नाही. वर्षातून एकदोनदा दर्शनाला जाते, "वंदामि माताजी" म्हणते. त्या मोरपिसांची पिंछी उंचावून आशीर्वाद देतात आणि मी परत येते.

यंदा त्यांचा चातुर्मास आंबेकोळला होता. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या डाव्या काठावर, बंधाऱ्याच्या आत वसलेलं गाव; मागच्या पुरानंतर वस्ती वर माळावर गेली, खाली बस्ती आणि दोनचार घरं उरली. तिथल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, भाद्रपदातल्या पर्वाचं दहा दिवसांचं शिबिर चालू होतं. मलाही जायचं होतं, पण पावसामुळं पूर-कक्षातून सुट्टी मिळाली नाही.

बुद्धिबळाची मास्तरीण पूर-कक्षात काय करते, हे आधी सांगायला हवं.

माझ्या विद्यार्थिनींत तेजल लोहार नावाची एक मुलगी होती. तेरा वर्षांची असताना एकदा ती संगणकाच्या पडद्याकडं बोट दाखवून ओरडली होती, "बाई, मशीन येडं झालंय! हत्ती देऊन उंट घेतंय, आणि वर म्हणतंय मीच जिंकतोय!"

तेव्हा मी तिला सांगितलं ते असं. जुनी इंजिनं किराणा दुकानदारासारखी होती. प्याद्याचा एक गुण, घोडा-उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. राजाच्या सुरक्षेचेही असेच गुण: समोर तीन प्यादी उभी आहेत का, शेजारची उभी ओळ मोकळी पडली आहे का, त्याच्या भोवतीच्या घरांवर शत्रूची किती मोहरी रोखली आहेत. सगळं बेरजेत. त्यामुळं पाचाचा हत्ती देऊन तीनाचा उंट घेणं म्हणजे दोनाची खोट. ती पुढच्या काही चालींत भरून निघताना प्रत्यक्ष दिसली नाही, तर इंजिन तिकडं फिरकायचंच नाही. नवी इंजिनं स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून शिकली. ती मोहरी मोजत बसत नाहीत. ती विचारतात, असा पट यापूर्वी मांडला गेला तेव्हा शंभरातले किती डाव जिंकले? हत्ती गेला, पण शत्रूच्या घोड्याला बसायला घर उरलं नाही, त्याच्या राजाची वाट अडली, त्याची उरलेली फौज एकमेकांच्या पायात आली. हातात परत काहीच येत नाही, फक्त पट आपल्या बाजूनं झुकतो. अशा बळीला इंजिन कारण देत नाही. आकडा तेवढा देतं. कारण माणसानं शोधायचं.

तेजल मोठी होऊन अभियंता झाली आणि त्याच जातीच्या इंजिनाला तिनं नदी शिकवली. खोऱ्याचे चौकोन पाडले, डाव्या काठाचे डावा एक, डावा दोन, उजव्या काठाचे उजवा एक, उजवा दोन असे. समोरचा खेळाडू पाणी. पाणी विचार करत नाही, पण चूकही करत नाही. बंधाऱ्यांचे दरवाजे, धरणांचे विसर्ग, रिकामी शेतं ही आपली मोहरी. या यंत्राला सगळे 'पट' म्हणायचे. पट आकडा सांगे आणि अधिकारी हतबुद्ध होत, कारण कधीकधी तो पूर यायच्या आधीच चांगली कोरडी जमीन पाण्याला देऊन टाका म्हणायचा. मग तेजलनं मला बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही आम्हा पोरींना सांगायचात तसंच साहेबांना सांगायचं. एवढंच काम."

ही गोष्ट घडली त्या दिवशी पर्वाचा सहावा दिवस होता. रोज सकाळी मी त्या दिवसापुरता एक छोटा नियम घेते. कधी मीठ सोडते, कधी एखादी भाजी. त्या दिवशीचा नियम होता, कुणावरही आवाज चढवायचा नाही.

कक्षाचे प्रमुख दिघे साहेब. सकाळी साडेदहाला त्यांनी माझ्यापुढं बशी सरकवली. "घ्या बाई. गरम बटाटेवडा आहे."

"माझं एकासन आहे, साहेब. दिवसातून एकदाच जेवायचं, ते झालं. आणि बटाटा तर बाराही महिने नाही."

"मग तुम्ही जगता कशावर हो?"

"तुमच्या प्रश्नांवर," मी म्हटलं. तेजल पडद्याआड हसली. लगेच तिचं हसू थांबलं.

"साहेब, पटानं चाल दिलीय. आज एक वाजता डावा सात सोडायचा. त्र्याण्णव."

त्र्याण्णव म्हणजे, ही चाल केली तर शंभरातून त्र्याण्णव वेळा सांगलीतलं मोठं रुग्णालय आणि त्याखालचे सात वॉर्ड कोरडे राहणार. नाही केली तर एकसष्ट.

"आज?" दिघे साहेबांनी वडा खाली ठेवला. "पाणी इथं चढणार उद्या पहाटे. मग आजच कुणाचं रान का बुडवायचं? उद्या बघू की, गरज पडली तर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि मला पटाच्या मनातलं दिसलं. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. सुंदर चाल होती ती.

"साहेब, संध्याकाळी वारणेचं पाणी आडवं येईल आणि कृष्णेला मागं रेटेल. मग डाव्या सातात ते मागच्या ओढ्यानं आपोआप शिरणारच. म्हणजे तो चौकोन जातोच, फक्त उशिरा जातो आणि आपल्याला काही न देता जातो. आज दिला, तर कृष्णा उतरते आणि वारणेला यायला जागा होते. उशिरा दिलेला हत्ती हा दिलेला नसतो, मारलेला असतो."

"आणि डाव्या सातात काय आहे?"

तेजलनं वाचलं, "ऊस. गवताची कुरणं. एक देऊळ. माणसं अकरा."

"अकरा जणांना तासात हलवता येईल," साहेब म्हणाले. "बाईंचं पटलं. द्या हुकूम. सगळ्यांच्या फोनवर इशारा टाका."

मला बरं वाटलं. वही मिटता मिटता सहज विचारलं, "तेजल, डावा सात म्हणजे कुठलं गाव गं?"

"आंबेकोळ."

मी वही पुन्हा उघडली.

"आंबेकोळात अकरा नाहीत. तिथं शिबिराला साडेतीनशे माणसं आहेत."

"पट अकरा म्हणतो," दिघे साहेब म्हणाले.

"पटाला माणूस दिसत नाही, साहेब. फोन दिसतो. पर्वाच्या शिबिरात जाणारे फोन घरी ठेवून जातात. तसा नियमच असतो. आसपासच्या आठ गावांतली माणसं बस्तीत आहेत आणि त्यांचे फोन आपापल्या घरी, कपाटात. तुमचा इशाराही आता त्या कपाटांत वाजतोय."

"सगळेच्या सगळे ठेवतात? आजकाल?"

"या दहा दिवसांत ठेवतात."

"बाई, उद्या चाळीस हजार माणसांचा प्रश्न आहे. तुमची श्रद्धा मला मान्य, पण मला पुरावा लागतो."

माझा आवाज चढणार होता. सकाळचा नियम आठवला. राजा कोणता हे इंजिन कितीही डाव खेळून शिकत नाही; ते नियमात लिहून द्यावं लागतं. आम्ही लिहून दिलं होतं, जिथं माणसं तिथं राजा. आणि माणूस ओळखायची खूण म्हणून फोन दिला होता. पट चुकला नव्हता. आम्ही त्याच्यासमोर राजा भलत्याच घरात मांडला होता, आणि वर मीच त्याच्या चालीची आरती ओवाळली होती.

"तेजल," मी हळूच म्हटलं, "त्या आठ गावांत असे फोन शोध, की जे चालू आहेत पण सहा दिवसांत जागचे हललेले नाहीत. ज्यांवरून कुणी बोललेलं नाही."

तिची बोटं चालली. 

"तीनशे अठरा," ती म्हणाली. तिनं पडदा साहेबांकडं वळवला. "साहेब, तीनशे अठरा."

दिघे साहेबांनी खुर्ची मागं सारली. "एकचा हुकूम थांबवा. बसगाड्या काढा. आणि पटाला खरी माणसं घालून परत विचारा."

"अजून एक आहे," मी म्हटलं. "तिथं आर्यिका माताजी आहेत. सत्तर वर्षांच्या. त्या वाहनात बसत नाहीत आणि सूर्यास्तानंतर चालत नाहीत. अंधारात पायाखालचा जीव दिसत नाही म्हणून. त्या उठल्याशिवाय शिबिरातलं कुणीही उठणार नाही."

"उचलून बसवता येणार नाही?"

"उचलून नेलेलं शरीर फक्त येईल, साहेब. चौतीस वर्षं पाळलेलं व्रत मागं राहील. आणि ते बघून लोक बसमध्ये चढतील, असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"माझी थोरली बहीण."

तेजलनं पटावर नवीन मोहरं मांडलं. वेग ताशी दीड किलोमीटर, उंच माळ सहा किलोमीटर, दिवस मावळेपर्यंतच हालचाल. "एका वेळी एकच घर," ती पुटपुटली. पटानं मिनिटभर आकडेमोड केली. मग म्हणाला: डावा सात साडेपाचला. त्याऐवजी उजवा चार आधी, साडेबाराला. नव्वद.

"उजव्या चारात कोण?"

"तीन घरं. यांचे फोन हलतायत, माणसं खरी आहेत, आत्ताच निरोप गेला आणि ती निघालीसुद्धा. बाकी एक पानमळा. यासीन मुजावर म्हणून आहेत, त्यांचा."

नव्वद म्हणजे त्र्याण्णवपेक्षा तीन कमी. दिघे साहेबांनी खिडकीतून पाऊस पाहिला. मग वळले. "तीन मी पत्करतो. जा बाई. जीप घ्या."

आंबेकोळला पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बस्तीच्या मंडपात साडेतीनशे माणसं मांडी घालून बसलेली, आणि माताजी आत सामायिकात, म्हणजे ठरल्या वेळेच्या ध्यानात. डोळे मिटलेले. दुपारचं सामायिक मोडत नाहीत. मी दाराशी बसून राहिले. बाहेर बसगाड्यांची घरघर. माझ्या हातातल्या वायरलेस यंत्रातून तेजल दर पाच मिनिटांनी विचारत होती, "उठल्या?" आणि मी कुजबुजत होते, "नाही."

शेजारी भूपालआप्पा चौगुले बसले होते, गावचे जुने जाणते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "सरकारचं पाणी एवढं घाईचं असतं व्हय? प्यायचं मागितलं तर दोन महिनं लावत्यात."

एक वाजून दहा मिनिटांनी माताजींनी डोळे उघडले. मी वंदन केलं आणि सगळं सांगितलं. फोनचं, डाव्या सातचं, साडेपाचचं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"या लोकांना घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मी इथं कायोत्सर्गात, देहाचं भान सोडून, उभी राहते. पाणी येईल, जाईल."

"चातुर्मासात स्थान सोडायचं नसतं हे मला माहीत आहे, माताजी. पण अशा संकटात सोडायची मुभा शास्त्रात आहे."

"मुभा आहे, सक्ती नाही."

"तुम्ही राहिलात तर हे सगळे राहतील."

त्यांनी मंडपाकडं पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका आमच्या तोंडाकडं बघत होत्या. कुणी सामानाला हात लावला नव्हता. माताजींनी पुन्हा माझ्याकडं नजर वळवली. ती नजर मी ओळखली. चाल बघून झाली की समोरच्याचा हात बघायचा, ही तिची जुनी सवय.

"एकच्या ऐवजी साडेपाच झालं म्हणतेस. मधल्या वेळात ते पाणी कुठं गेलं?"

हे मी सांगायचं टाळलं होतं.

"उजव्या काठाला. तिथली माणसं सुखरूप बाहेर आहेत."

"आणि काय होतं तिथं?"

"पानमळा. सहा वर्षांचा. यासीन मुजावर नावाच्या गृहस्थांचा. वेलीत दोन दिवस पाणी राहिलं की वेल कुजते."

"त्यांना विचारलंत?"

"निरोप दिला, घर सोडा म्हणून."

"विचारलंत का?"

"नाही."

बाहेर पाऊस वाढला. माताजींनी कमंडलू जवळ ओढला, पण उठल्या नाहीत.

"तू जाऊन सांगशील त्यांना? पुरानं मळा गेला असं नाही. आमच्यासाठी घालवला, आम्हाला चालायला वेळ मिळावा म्हणून, हे. तुझ्या तोंडानं. त्यांच्या दारात."

"सांगेन."

"नियम घेतेस?"

मी हात जोडले. "घेते, माताजी."

मग त्या उठल्या. मंडपात सतरंजीवरून साडेतीनशे माणसं एकदम उठल्याचा जो आवाज झाला, तो मी कधी विसरणार नाही.

बहुतेकजण बसमध्ये चढले. चाळीसेक लोक माताजींच्या मागं पायी निघाले. पांढरी साडी, अनवाणी पाय, हातात पिंछी. पुढचं पाऊल टाकायच्या आधी नजर चार हात पुढं. वाट चिखलाची. दर अर्ध्या तासानं त्या दगडावर टेकत, गुडघ्यावरून हात फिरवत, पुन्हा चालत. कुणी घाई करा म्हटलं नाही. म्हणून उपयोगही नव्हता. राजाला दोन घरं एकदम ओलांडता येत नाहीत.

पाच वाजता माळाचा चढ लागला. तेव्हाच तेजलचा आवाज आला. "बाई, वरून पाणी जास्त सुटलंय. पट साडेपाचचं पाच वीस करतोय. कुठं आहात?"

"चढाच्या पायथ्याला. अर्धा तास लागेल."

"अर्धा तास नाहीये, बाई."

आणि त्याच वेळी माताजी थांबल्या.

वाटेवर मुंग्यांची रांग आडवी चालली होती. हातभर रुंद. खालच्या ओल्या मातीतून बाहेर पडलेल्या हजारो मुंग्या, तोंडात पांढरी अंडी घेऊन, आमच्यासारख्याच माळाकडं निघालेल्या. पिंछीनं बाजूला सारायच्या म्हटलं तरी अंडी सांडणार. माताजी डाव्या हाताला वळल्या आणि बाभळीच्या काट्यांतून वळसा घ्यायला लागल्या.

"त्यास्नीबी हुकूम आलाय वाटतं," भूपालआप्पा धापा टाकत म्हणाले. "फोन नसताना कळलं बघा. पटापरास हुशार."

सगळे हसले. पायात काटे, अंगावर पाऊस, खाली नदी, आणि चाळीस माणसं हसत होती. मी यंत्र तोंडाशी धरलं. "तेजल, मुंग्या आडव्या आल्यात. आम्ही वळसा घेतोय. साहेबांना सांग, पाच चाळीस."

मग दिघे साहेबांचा आवाज. "मुंग्या?"

"हो, साहेब."

"बाई, मी नोकरीत सत्तावीस वर्षं आहे. मुंग्यांसाठी दरवाजा थांबवला असं मला नोंदवहीत लिहावं लागेल." कागद पुढं ओढल्याचा आवाज आला. "पाच चाळीस. माझ्या सहीनं. पट सत्त्याऐंशी म्हणतोय. त्याच्याखाली जाऊ देऊ नका."

पाच अडतीसला माताजींनी माळावरच्या सपाट खडकावर पाय ठेवला. मागोमाग शेवटचा माणूस, भूपालआप्पा, हातांवर रेलत वर आला. मी म्हटलं, "आलो. सगळे आलो." तेजलनं ते साहेबांना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

दोन मिनिटांनी खाली बंधाऱ्याचा दरवाजा उचलला गेला. पाणी गर्जना वगैरे करत आलं नाही. उसाच्या सऱ्यांतून, सतरंजी पसरावी तसं निमूट आलं. मंडपाचे खांब गुडघाभर बुडाले, मग कमरेएवढे. बस्तीच्या चौथऱ्याच्या चार पायऱ्या गेल्या. ज्या जागी दुपारी आम्ही बसलो होतो, तिथं नदी होती. बायका एकमेकींचे हात धरून बघत होत्या. कुणीतरी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. मी खाली बसले. रडले की हसले, ते मला सांगता यायचं नाही. माळावरच्या शाळेत माताजींना कोरडी खोली मिळाली. सूर्य मावळायला अजून तास होता.

सांगलीत पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या फाटकापाशी येऊन थांबलं. चार बोटं चढलं, दोन बोटं उतरलं, मग उतरतच गेलं. त्या सकाळी दिघे साहेबांनी सगळ्यांना वडे मागवले आणि माझ्यासमोर एक केळं आणून ठेवलं. "हे तरी चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं. "जेवायच्या वेळेला."

तेजलनं मात्र वडा घेतला नाही. ती प्रत्येक गावच्या तलाठ्याला एक प्रश्न पाठवत बसली होती: तुमच्याकडं माणसं फोन बाजूला ठेवून कुठं आणि कधी जमतात? उत्तरं येत राहिली. मेंढ्यांच्या मागं गेलेले धनगर, ज्यांच्या वाड्यावर एकच फोन असतो. वीटभट्टीवरच्या बायका, ज्यांचे फोन मुकादमाकडं असतात. अखाड्यातली पोरं. बाळंतिणीची खोली. तिनं प्रत्येक उत्तर हातानं पटात भरलं. "बाई, आपण किती जणांना पटावर मांडलंच नव्हतं," ती म्हणाली. पुढच्या पावसाळ्याच्या आत तिला हे सगळं पुरं करायचं होतं, आणि ती करेल.

पर्व संपलं. पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी आमची क्षमावाणी, जाणता-अजाणता ज्यांना दुखावलं त्यांच्यापुढं हात जोडायचा दिवस. सकाळपासून फोन वाजत होता, "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा." नेहमीचीच माणसं, ज्यांचं मी काही बिघडवलेलं नव्हतं.

तेजल जीप घेऊन दारात आली. मी कुठं निघालेय ते तिला कुठून कळलं कोण जाणे.

"बाई, एकदा ऐका. मुजावरांना वाटतंय नदीनं नेलं. नदीवर कुणी रागावत नाही. तुम्ही सांगितलंत की तुमच्यावर रागावतील. साहेब म्हणाले, नियमात कुठंही सांगायचं बंधन नाही."

"साहेबांच्या नियमात नाही."

"त्यांनी शिव्या दिल्या तर?"

"ऐकून घेईन."

"आणि म्हणाले, तुमच्या एका माताजींसाठी माझी सहा वर्षं? तर काय सांगाल?"

"खरं आहे म्हणेन," मी म्हटलं. "मग ते बसा म्हणाले तर बसेन. रोपं नवी लावायची असतील तर वेल बांधायला दोन हात कमी पडतात, एवढं मला माहीत आहे."

तेजलनं जीपचं दार उघडलं. नदीच्या पुलापर्यंत सोडते म्हणाली. पुलापलीकडं मळ्याकडं जाणारी वाट होती आणि तिच्यावर पुराचा गाळ अजून घोटाभर होता. मी उतरले. ऊन पडलं होतं, बऱ्याच दिवसांनी. दूरवर काळ्या पडलेल्या वेलींच्या रांगांत एक माणूस वाकून काहीतरी उपटत होता.

मी चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि वाटेला लागले.